अंगण आणि क्रीडांगण

'क्रीडांगण' हा शब्द उच्चारला की कुंपण, फाटक आणि वेळेची पाटी डोळ्यांसमोर येते. त्या शब्दाच्या पोटात 'अंगण' दडलेले आहे याचे भान सहसा राहत नाही. अंगण घराला लागून असते, आईच्या हाकेच्या टप्प्यात असते. तेथे मुलाला 'न्यावे' लागत नाही. शहर वाढले, अंगणे नाहीशी झाली आणि मुलांनी खेळावे कोठे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपापल्यापुरता सोडवायचा असे आपण जणू मान्य करून टाकले. जवळची बाग शोधायची पालकांनी, सुट्टीतले शिबिर शोधायचे तेही पालकांनीच. परंतु हा प्रश्न मुळात नगराचा आहे, असे समजून एका शहराने तीस वर्षे काम केले. ते शहर म्हणजे ॲम्स्टरडॅम.

१९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा या शहराची अवस्था दैन्याची होती. घरांची टंचाई होती, पैसा नव्हता आणि लवकरच जन्मदर झपाट्याने वाढला. मुलांसाठी खेळाच्या जागा तेथे पूर्वीपासून होत्या. पण त्यांपैकी बहुतेक खासगी मंडळांनी चालवलेल्या असत. त्यांना कुंपण असे, सभासदत्व असे, वर्गणी असे. ज्याच्या घरी वर्गणीचे पैसे नाहीत त्या मुलासाठी रस्ता होता.

१९४६ साली आल्डो व्हान आइक (१९१८–१९९९) हा अठ्ठावीस वर्षांचा वास्तुविशारद महापालिकेच्या सेवेत रुजू झाला. नगररचना विभागाची सूत्रे कॉर्नेलिस व्हान एस्टरेन यांच्याकडे होती आणि त्यांच्या सहकारी याकोबा मुल्डर या स्वतः नामवंत नगररचनाकार होत्या. मुल्डरबाईंनी आपल्या घरासमोर एका लहान मुलीला झाडाच्या बुंध्याशी माती उकरत खेळताना पाहिले आणि तेथून या कल्पनेला चालना मिळाली, असे सांगतात. १९४७ साली बेर्टेलमानप्लाइन या छोट्याशा चौकात पहिली जागा तयार झाली. तेथे होते काय? काँक्रीटच्या रुंद कठड्याचा एक वाळूचा हौद, त्यात चार गोल दगड, कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी दांड्या, भोवती झाडे आणि थोरांसाठी बाके. कुंपण नव्हते, फाटक नव्हते, वर्गणीही नव्हती.

यानंतर जे घडले ते या इतिहासाचे मर्म आहे. तो चौक पाहून एका बाईने पालिकेला पत्र लिहिले आणि आपल्या वस्तीतही अशी जागा व्हावी अशी मागणी केली. मग अशी पत्रे येतच राहिली. नागरिक आपल्या भागातील पडीक कोपरा, रुंद पदपथ किंवा दोन रस्त्यांमधला त्रिकोण सुचवीत. पालिका जागेची शहानिशा करी. व्हान आइक आराखडा काढी. नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करू लागल्यावरही त्याने हे काम थांबवले नाही. १९४७ ते १९७८ या काळात अशी ७००हून अधिक स्थाने निर्माण झाली. एखादे भव्य मध्यवर्ती उद्यान बांधून त्याचा पत्ता सर्वांना कळवणे सोपे होते. उद्घाटनाच्या दृष्टीने ते अधिक शोभिवंतही ठरले असते. येथे मात्र पत्ता कुटुंबाने कळवला आणि खेळ त्या पत्त्यावर आला.

या कथेला एक काळी किनार आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. शहराच्या जुन्या मध्यभागात, विशेषतः ज्यू वस्तीत, ज्या मोकळ्या जागा मिळाल्या त्यांतील कित्येक आपोआप मोकळ्या झालेल्या नव्हत्या. नाझी राजवटीत नेदरलँड्समधील १,००,०००हून अधिक ज्यूंची हत्या झाली. त्यांची घरे ओस पडली. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गारठलेल्या लोकांनी त्या घरांच्या तुळया आणि जिने सरपणासाठी काढून नेले आणि घरे ढासळली. त्या खिंडारांपैकी काहींत पुढे मुले खेळू लागली. १९५४ साली डाइकस्ट्राट या अरुंद गल्लीत दोन घरांमधल्या रिकाम्या पट्टीत असेच एक खेळाचे स्थान झाले. याला सांत्वन म्हणावे की विस्मरण? मला वाटते, दोन्ही. वाळूत हात घालणाऱ्या मुलाला तेथे पूर्वी कोण राहत होते हे ठाऊक नव्हते. ते सांगण्याची जबाबदारी थोरांची होती आणि ती थोरांनी पुष्कळ काळ टाळली.

व्हान आइकच्या रचनेमागे एक निश्चित विचार होता. धातूचा हत्ती शहराच्या रस्त्यावर परका दिसतो आणि मुलाला तो हत्तीच समजावा लागतो. उलट नुसती कमान, नुसता ठोकळा मुलाच्या मनाप्रमाणे किल्ला होतो, दुकान होतो, काहीच नाही झाला तरी बसायला उपयोगी पडतो. बर्फ पडला की शहर काही काळ मुलांच्या ताब्यात जाते. परंतु बर्फ वितळतो, म्हणून त्याहून टिकाऊ असे काहीतरी शहराने मुलांना द्यावे, असे त्याचे म्हणणे होते.

टिकाऊपणाची ही आशा मात्र पुरती फळली नाही. रस्त्यांवर मोटारी वाढल्या. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४००हून अधिक मुले होती. संतप्त पालक रस्त्यावर उतरले, ॲम्स्टरडॅमच्या दाट वस्तीतील मुलांनीही खेळासाठी रस्ते बंद करण्याची मागणी केली आणि १९७६ साली, जेथे वाहनाने माणसाच्या चालीने चालावे अशा 'निवासी रस्त्या'ला तेथील कायद्याने मान्यता दिली. खेळाची ती जुनी स्थाने मात्र एकेक करून गेली. काहींवर इमारती उठल्या, वाळूच्या अस्वच्छतेच्या तक्रारी झाल्या, सुरक्षिततेचे नियम कडक झाले. आज मूळ रूपात फारच थोडी उरली आहेत. ज्या वस्तू एकेकाळी गल्लीबोळांत होत्या, त्यांतील काही आता संग्रहालयाच्या बागेत सन्मानाने उभ्या आहेत. हा गौरव खराच; पण संग्रहालयात मुलाला 'न्यावे' लागते.

म्हणून या इतिहासातून नकाशे किंवा नमुने उचलावेत असे मला वाटत नाही. उचलावी ती कामाची रीत. ॲम्स्टरडॅमच्या पालिकेकडे तेव्हा पैसा थोडा होता, जागा तुकड्यातुकड्यांची होती. पण आलेले पत्र वाचणारा माणूस खुर्चीवर होता आणि पत्र लिहून उपयोग होतो असा विश्वास घराघरांत होता. खेळायला जागा कोठे आहे, असे पालक आज एकमेकांना विचारतात. तोच प्रश्न त्या बाईने पालिकेला विचारला होता, आणि तिला उत्तर मिळाले होते.