शॉवर, टाकी आणि ताजमहालाची कारंजी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शॉवरमधून पाणी असं यायचं, की डोक्यावरचा साबण निघता निघायचा नाही. आईला बादली उचलवत नाही, म्हणून तर तो बसवला होता. मी गच्चीवर आधीपेक्षा दुप्पट मोठी टाकी आणली. फरक शून्य! पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नसतो, उंचीवर असतो. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. आमची टाकी शॉवरच्या जेमतेम दीड मीटर वर.

शाहजहानच्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. ताजमहालाच्या बागेसाठी यमुनेचं पाणी बैलांच्या मोटांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून उंच टाक्यांत साठवत. तिथून जमिनीखालच्या नळांनी ते बागेत येई. पुढचं सगळं काम उंचीचं.

पण खरी हुशारी पुढेच आहे. रांगेतली कारंजी थेट एका नळाला जोडली, तर पहिलं उंच उडणार आणि शेवटचं नुसतं ठिबकणार (म्हणजे आमचंच घर). म्हणून प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं बसवलं. आधी भांडी भरतात, मग सगळी कारंजी एकदम उसळतात.

मी टाकी लोखंडी स्टँडवर दोन मीटर उचलली, शॉवरसाठी टाकीपासून पाऊण इंची वेगळी लाइन टाकली आणि जाळीतले क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून काढले. परवा आईनं न्हाणीघरातून हाक मारली, "अरे, जरा कमी कर की!"