रस की सांधा? फ्युजन समनची कुळकथा

'यू-गी-ओ!' या जपानी कार्डांच्या खेळात फ्युजन समनचा मूळ नियम सोपा आहे. 'पॉलिमरायझेशन' हे स्पेल कार्ड खेळायचे, फ्युजन मॉन्स्टरच्या कार्डावर ज्यांची नावे छापलेली असतात ते मॉन्स्टर हातातून किंवा मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, टाकायचे आणि वेगळ्या ठेवलेल्या गड्डीतून जांभळ्या चौकटीचा नवा मॉन्स्टर मैदानात उतरवायचा. कोनामीने हा खेळ 1999 साली जपानमध्ये आणि 2002 साली इंग्रजीत आणला. या वेगळ्या गड्डीला आधी 'फ्युजन डेक' म्हणत. 2008 साली ती 'एक्स्ट्रा डेक' झाली आणि तिच्यावर 15 कार्डांची मर्यादा आली. 2017 साली फ्युजन मॉन्स्टरला उतरायच्या जागेचे बंधन घातले गेले, ते 2020 साली उठले.

खरे कोडे त्या स्पेल कार्डाच्या नावात आहे. जपानी कार्डावर 'पॉलिमरायझेशन'चा मागमूस नाही. तिथे फक्त 'यूगो' असे दोन अक्षरी चित्रलिपीतले नाव आहे. अणुकेंद्रांचे संमीलन आणि पेशींचे एकत्रीकरण यांनाही जपानीत हाच शब्द लागतो. त्यातले पहिले अक्षर 'यू' चिनी आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला तीन पायांच्या भांड्याचे चित्र आहे. इसवी सन 100च्या सुमारास रचलेला 'श्वोवन ज्येत्स' हा चिनी कोश या अक्षराचा अर्थ स्वयंपाकाच्या भांड्यातून वर चढणारी वाफ असा देतो. पुढे त्याला विरघळणे, वितळणे हे अर्थ चिकटले. 'गो' म्हणजे जुळणे. म्हणजे यूगो हे भट्टीतले काम आहे: दोन धातूंचा रस एक झाला की मूळचे धातू वेगळे दाखवता येत नाहीत.

इंग्रजी शब्दाचा वंश अगदी निराळा. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने 1833 साली ग्रीक 'पॉली' (अनेक) आणि 'मेरोस' (भाग) यांवरून 'पॉलिमर' हा शब्द घडवला, पण त्याचा अर्थ आजचा नव्हता. घटकांचे प्रमाण तेच, पण रेणूचे आकारमान वेगळे, अशा संयुगांसाठी त्याने तो वापरला. लांबच लांब साखळीचे रेणू ही कल्पना हेर्मान श्टाउडिंगरने 1920 साली मांडली. मराठी पाठ्यपुस्तकांतला 'बहुवारिक' त्याच अर्थाचा. साखळीत कडी कडीला जुळते, पण प्रत्येक कडी मोजता येते. हा रस नव्हे, सांधा आहे.

मग वितळण्याच्या कार्डाला साखळीचे नाव का मिळाले? एक सोपे उत्तर म्हणजे भाषांतराची चूक. जपानीत पॉलिमरायझेशनला 'जूगो' म्हणतात, तेव्हा यूगो आणि जूगो यांची गल्लत झाली असावी. हे उत्तर टिकत नाही. त्याच अनुवादकांनी 'यूगो मॉन्स्टर'चे 'फ्युजन मॉन्स्टर' असे बिनचूक रूपांतर केले आहे, म्हणजे शब्द त्यांना कळत होता. अधिक पटणारे उत्तर खेळाच्या सोयीचे आहे. जपानीत कार्ड, मॉन्स्टरची जात आणि समनची क्रिया या तिन्हींना यूगोच म्हणतात. इंग्रजीत जात आणि क्रिया यांनी 'फ्युजन' अडवल्यावर कार्डासाठी निराळे आणि भारदस्त नाव हवे होते. ते रसायनशास्त्रातून उचलले गेले, असेच मानावे लागते.

या नामभेदाची किंमत नियमांना मोजावी लागली. जपानी कार्डांतही काही नावे चित्रलिपीतल्या यूगोची आणि काही उसन्या 'फ्युजन'ची आहेत. 'शाडोल फ्युजन'मध्ये तर अक्षरे यूगोची आणि उच्चार फ्युजनचा. त्यामुळे गड्डीतून असे कार्ड शोधून देणाऱ्या मजकुरात "'पॉलिमरायझेशन' किंवा 'फ्युजन' स्पेल कार्ड" अशी दोन्ही नावे छापावी लागतात.

वितळण्याचा अर्थ मूळ कथेत किती खोल होता, ते काझुकी ताकाहाशी यांच्या मंगामध्ये, म्हणजे ज्या चित्रकथेतून हा खेळ निघाला तिच्यात, दिसते. पेगासस या खलनायकाच्या किल्ल्यातल्या लढतीत नायक युगीचा प्रतिस्पर्धी काईबा तीन ब्लू-आइज ड्रॅगन एकवटून 4500 ताकदीचा ब्लू-आइज अल्टिमेट ड्रॅगन उभा करतो. युगी आपला 'मॅमथ ग्रेव्हयार्ड' नावाचा मॉन्स्टर त्या ड्रॅगनमध्येच मिसळून टाकतो. मेलेल्या प्राण्याचा सांगाडा जिवंत ड्रॅगनच्या अंगात मुरतो आणि ड्रॅगन सडू लागतो. साखळीत असे होत नाही, नासकी कडी काढून टाकता येते. रसात मात्र एक थेंब सगळे नासवतो. छापील नियमांत हे बसणारे नव्हते, कारण तिथे घटकांची नावे आधीच ठरलेली असतात. पण पुढे आलेल्या 'सुपर पॉलिमरायझेशन'ने हातातले एक कार्ड टाकून प्रतिस्पर्ध्याच्या मैदानातला मॉन्स्टरही फ्युजनमध्ये ओढण्याची मुभा दिली. युगीच्या त्या डावाचा खरा वारस हाच.

सांध्यासाठी जपानीत स्वतंत्र शब्द आहे: 'गात्ताई'. अंगांची जुळणी असा त्याचा अर्थ, आणि त्यातले पहिले अक्षर यूगोतले 'गो'च. 1974च्या 'गेटर रोबो' या अॅनिमेशन मालिकेत तीन विमाने जुळून यंत्रमानव होतो, 1976च्या 'कॉम्बॅटलर व्ही'त पाच यंत्रे. तिथून हा शब्द जपानी मुलांच्या तोंडी बसला. हीच परंपरा खेळात 'एक्स-वाय-झेड ड्रॅगन कॅनन'च्या रूपाने आली. एक्स, वाय आणि झेड ही तीन यंत्रे मैदानात हजर असली की ती खेळाबाहेर काढायची आणि जुळलेले यंत्र उतरवायचे.

म्हणजे रसाला स्पेल कार्ड लागते, यंत्रांच्या सांध्याला लागत नाही. यावर आक्षेप दोन. सायबर ड्रॅगनही यंत्रेच आहेत, तरी सायबर एंड ड्रॅगनला स्पेल कार्ड लागते. पण तिथे एकाच साच्याचे तीन नग एकत्र होतात, वेगवेगळे सुटे भाग जुळत नाहीत. दुसरा आक्षेप 'निओस' या मॉन्स्टरचा, आणि तो वजनदार आहे. निओस यंत्र नाही, तरी त्याचे 'कॉन्टॅक्ट फ्युजन' स्पेल कार्डाविना होते. तरी तो आला तोवर वाट पडलेली होती, आणि ती यंत्रांनीच पाडली होती. एक्स-वाय-झेड ड्रॅगन कॅननच्या जपानी कार्डावर कंसात स्पष्ट छापले आहे की यासाठी 'यूगो' कार्डाची गरज नाही.