अक्षरशत्रू कोणास म्हणावे?

जो मुलगा बोलण्यात चतुर, तोंडी हिशेबात तरबेज, परंतु पुस्तक उघडताच अडखळतो, त्यास 'ढ' ठरवून मोकळे होण्याची रीत आमच्या वाशीमकडे जुनीच आहे. ती केवळ आमचीच आहे असेही नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने पर्सी नामक चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान, गणितात हुशार. पण स्वतःचे नावदेखील चुकीचे लिही. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांहून हुशार ठरता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. मेंदूच्या डाव्या बाजूची वाढ जन्मतःच अपुरी असावी, असा तर्क मॉर्गनने केला; पुरावा मात्र त्याजपाशी नव्हता.

पुराव्याची दिशा दिसण्यास पाऊणशे वर्षे लोटली. गर्भाच्या मेंदूतील पेशी जेथे जन्मतात तेथेच राहत नाहीत. आधारतंतूंना धरून त्या बाहेरच्या थरांकडे प्रवास करितात, हे पास्को राकिच याने १९७२ साली माकडांच्या गर्भांवरून दाखविले. मागून निघालेल्या पेशी आधीच्यांस ओलांडून पुढे मुक्काम करितात. शेगावची पालखी आमच्या जिल्ह्यातून पंढरीस जाते, तेव्हा दिंड्यांचा क्रम जसा ठरलेला, तसाच याही वारीचा क्रम ठरलेला असतो.

हा क्रम चुकला तर? गॅलाबर्डा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली वाचनदोष असलेल्या चार पुरुषांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध केली. भाषेशी निगडित अशा डाव्या भागांत विशेषेकरून, ठिकाण चुकलेल्या पेशींचे लहान लहान पुंजके त्यांस आढळले. म्हणजे शाळेचे तोंड पाहण्यापूर्वी, किंबहुना जन्मापूर्वीच घडून गेलेली ही गोष्ट! चार मेंदूंवरून सिद्धांत ठरत नाही, हे खरे. पुढील संशोधकांनी या उपपत्तीवर आक्षेपही घेतले आहेत.

परंतु न्यायाने तोवर थांबावे, असे नाही. पर्सीच्या हकीकतीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या दोषास देशभर मान्यता दिली. तथापि सवलत मिळण्यापूर्वी दोष कोणी तरी ओळखावा लागतो, आणि तो प्रथम दिसतो वर्गातील मास्तरांस व घरी अभ्यास घेणाऱ्या आईबापांस. त्यांनीच मुलास आळशी म्हणून छडी उगारली, तर शासननिर्णय कपाटातच राहावयाचा.