टॅब्लेटसाठी घरगुती डॉक
टॅब्लेट संगणक वाचनास सोयीचा असला, तरी दीर्घ लेखनासाठी त्याला कीबोर्ड, माऊस आणि स्थिर आधार लागतो. लाकडी फळी आणि यूएसबी हब यांच्या साहाय्याने ही सोय अल्प खर्चात घरीच करता येते.

जाड फळीत टॅब्लेटच्या जाडीपेक्षा किंचित रुंद अशी तिरकी खाच कापावी. खाचेत रबराची पट्टी चिकटवल्यास ओरखडे पडत नाहीत. केबलसाठी छिद्र ठेवावे. टॅब्लेटची पाठ मोकळी असावी, कारण साचलेल्या उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. मानेवर ताण येऊ नये म्हणून फळी उंचावर ठेवून कीबोर्ड मेजावर घ्यावा.

अँड्रॉइडमध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माऊस जोडण्याची सोय २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीपासून आली. आयपॅडला माऊसची पूर्ण सुविधा मार्च २०२० मध्ये आयपॅडओएस १३.४ मुळे मिळाली.

मोठा पडदा जोडायचा असल्यास मात्र खरेदीपूर्वी पोर्टची क्षमता पाहणे आवश्यक आहे. यूएसबी टाइप-सीचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु पोर्टचा आकार तोच असला तरी त्यातून चित्रसंकेत बाहेर पडतीलच असे नाही. टॅब्लेटच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउटपुट' असा उल्लेख नसेल, तर एचडीएमआय असलेल्या साध्या हबवरील खर्च वाया जाण्याचा संभव असतो. काम चालू असताना चार्जिंगही व्हावे, यासाठी 'पॉवर डिलिव्हरी'ची सोय असलेला हब निवडावा.