एकास सोळा: खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचा इतिहास

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डब्यूक शहराच्या पश्चिमेला पंचवीसेक मैलांवर डायर्सव्हिल नावाचे गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला या गावात देशभरातून माणसे जमतात ती खेळण्यातले ट्रॅक्टर पाहायला, विकायला आणि विकत घ्यायला. येणाऱ्यांत मुलेही असतात. पण घासाघीस चालते ती मोठ्यांमध्ये. एखाद्या हिरव्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग मूळचे आहे की मागाहून बसवलेले, यावर दोन पोक्त माणसे गंभीरपणे वाद घालताना दिसली, तर तिथे कोणी हसत नाही.

वरवर पाहता हा छंद पोरकट वाटेल. पण त्या खेळण्याकडे जुन्या दस्तऐवजासारखे पाहिले, तर त्यावर तीन हातांच्या खुणा सापडतात. पहिला हात ते बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा ते मातीत चालवणाऱ्या मुलाचा आणि तिसरा, अनेक वर्षांनी ते दुरुस्त करणाऱ्या छांदिष्टाचा. हा तिसरा हात पहिल्या दोघांपैकी कोणाच्या बाजूने उभा राहतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. कोणाचा इतिहास जपायचा आणि कोणाचा पुसायचा, हाच तो प्रश्न आहे.

पहिल्या हातापासून सुरुवात करू. १९२० साली अमेरिकेच्या शेतांवर सुमारे अडीच लाख ट्रॅक्टर होते. १९४५ पर्यंत ती संख्या चोवीस लाखांच्या घरात गेली. या पंचवीस वर्षांत शेतकऱ्याला घोड्यांवरून यंत्रावर आणणे हा कंपन्यांपुढचा मोठा उद्योग होता. घोडा घरच्या चाऱ्यावर जगत असे आणि शिंगरू देत असे. ट्रॅक्टरला तेल विकत लागे, सुटे भाग लागत आणि बहुधा कर्जही लागे. म्हणून शेतकऱ्याचे मन वळवावे लागे आणि त्याच्या घरात शिरण्याची एक वाट मुलांच्या हातांतून जात होती.

इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्टची आर्केड कंपनी बिडाची खेळणी ओतत असे. ‘ती खरी वाटतात’ अशा अर्थाचे तिचे घोषवाक्य होते. फोर्डसन, मॅकॉर्मिक-डिअरिंग अशा खऱ्या ट्रॅक्टरांच्या प्रतिकृती तिने काढल्या. त्याच राज्यात बेल्व्हिडिअर येथे शिवणयंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याने १९३० च्या सुमारास ‘व्हिंडेक्स’ या नावाने शेतीयंत्रांची खेळणी काढली, त्यांत जॉन डिअर कंपनीचे ट्रॅक्टरही होते. शेतीविषयक मासिकाला वर्गणीदार मिळवून देणाऱ्या मुलांना ही खेळणी बक्षीस म्हणून मिळत. मंदीच्या काळात ती फार काळ टिकली नाहीत, त्यामुळे आज ती दुर्मीळ आहेत.

युद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, डब्यूकमधले एक ओतारी फ्रेड अर्टल यांनी आपल्या घराच्या तळघरात हा उद्योग सुरू केला. कंपनीच्या परंपरेत सांगतात ते असे: युद्धातून उरलेले विमानांचे अॅल्युमिनियमचे पिस्टन घर तापवण्याच्या भट्टीत वितळवायचे, तो रस वाळूच्या साच्यात ओतायचा आणि घरातल्या मंडळींनी मिळून जोडणी व रंगकाम करायचे. विमानाच्या इंजिनातली धातू खेळण्यातल्या ट्रॅक्टरात उतरली, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच सांगून जाते. पुढे ट्रॅक्टर कंपन्यांशी रीतसर करार झाले. खऱ्या यंत्रांचे आराखडे समोर ठेवून खेळणी बनू लागली आणि ती ट्रॅक्टर विक्रेत्यांच्या दुकानांत, सुट्या भागांच्या गल्ल्यापाशी मांडली जाऊ लागली. १९५९ मध्ये कारखाना डायर्सव्हिलला आला. एकास सोळा हे प्रमाण या खेळण्यांत रूढ झाले. दहा-अकरा फूट लांबीचा ट्रॅक्टर त्यात सात-आठ इंचांचा होतो. एवढा, की लहान मुलाला तो एका हाताने उचलताही येतो आणि दोन हातांनी ढकलताही येतो.

वडील नवा ट्रॅक्टर पाहायला दुकानात जात आणि मुलगा त्याच रंगाचा छोटा ट्रॅक्टर घेऊन घरी येई. लाल म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल, हिरवा-पिवळा म्हणजे जॉन डिअर, नारिंगी म्हणजे अॅलिस-चाल्मर्स. घराण्याची दैवते ठरलेली असावीत तसे हे रंग घरोघरी ठरलेले असत. आज ज्याला आपण ब्रँडनिष्ठा म्हणतो, तिचे बाळकडू इथे अक्षरशः खेळता खेळता दिले जाई.

मात्र कंपनीने दिलेल्या खेळण्याचे मूल काय करील, हे कंपनीच्या हातात नव्हते. इथे दुसऱ्या हाताची गोष्ट सुरू होते. ही खेळणी कपाटात ठेवण्यासाठी नव्हती. ती वाळूत, अंगणात, गोठ्यामागच्या मातीत चालली. पावसात राहिली, हिवाळ्यात बर्फाखाली गेली. त्यांची मोडतोडही ठराविक जागी होई. स्टेअरिंग हरवलेले, सायलेन्सरची नळी तुटलेली, पुढचा कणा वाकलेला, आणि मूल जिथे मूठ आवळून धरी तिथला रंग धातूपर्यंत झिजलेला. कुठे तुटलेल्या कण्याच्या जागी वडिलांनी खिळा ठोकलेला असे, तर कुठे खऱ्या यंत्रासाठी आणलेल्या डब्यातला उरलेला रंग फासलेला असे. शेतकऱ्यांच्या मुलांनी रोजनिशी लिहिल्याची उदाहरणे फार नाहीत. त्यांच्या बालपणाची हस्ताक्षरे पाहायची असतील, तर ती अशा झिजेत पाहावी लागतात.

ही मुले मोठी झाली तेव्हा शेतीच बदलून गेली होती. १९५४ च्या सुमारास अमेरिकी शेतांवरच्या ट्रॅक्टरांची संख्या घोडे व खेचरे यांच्या एकत्रित संख्येच्या पुढे गेली. १९३५ मध्ये त्या देशात सुमारे ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती जेमतेम १९ लाख भरली. जमीन फारशी घटली नाही. शेते मोठी झाली आणि कुटुंबे उठली. याला कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक नाकारता येत नाही. चार कुटुंबे करत तेवढी जमीन एक कुटुंब करू शकले, ते ट्रॅक्टरमुळे.

या छंदाची वर्षे पाहिली की मग एक गोष्ट लक्षात येते. १९७८ च्या जानेवारीत उत्तर डकोटा राज्यातून या खेळण्यांना वाहिलेले ‘टॉय फार्मर’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच वर्षी डायर्सव्हिलचे राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले. लगेच पुढचे दशक अमेरिकी शेतीवरच्या अरिष्टाचे होते. १९८१ मध्ये आयोवातल्या शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी २,१४७ डॉलर होता. १९८६ मध्ये तो ७८७ वर आला. जमीन तारण ठेवून कर्ज काढलेल्यांची शेते, अवजारे, गुरे लिलावात निघाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्र विभाग विकला गेला आणि रॉक आयलंडच्या कारखान्यातून १९८५ च्या मे महिन्यात शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अॅलिस-चाल्मर्सचे ट्रॅक्टर उत्पादनही थांबले. लाल आणि नारिंगी ही दोन दैवते एकाच वर्षात खचली. आणि पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डायर्सव्हिलला शेतीच्या खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले.

एका घटनेमुळेच दुसरी घडली, असे म्हणणे घाईचे होईल. छंदाची पाळेमुळे आधीची होती आणि युद्धोत्तर काळातली मुले चाळिशीत येऊन हातात थोडा पैसा खुळखुळू लागला होता, हेही खरे. पण खरा ट्रॅक्टर लिलावात गेल्यावर त्याची सोळावा हिस्सा प्रतिमा कपाटात मानाने ठेवावीशी वाटणे, यात नवल नाही. यातला पेच असा, की ज्या यंत्राने शेजार रिकामा केला, त्याचेच रूप उठून गेलेल्या शेजाऱ्यांची आठवण म्हणून जपले जाते.

आता तिसऱ्या हाताकडे येऊ. जुने खेळणे दुरुस्त करणाऱ्याचे काम सोपे नाही. आधी रिबिटा काढून दोन्ही अर्ध्या बाजू सुट्या करायच्या. जुना रंग रसायनाने किंवा बारीक काचमण्यांच्या फवाऱ्याने उतरवायचा. मोडलेला कणा जोडायचा, स्टेअरिंग आणि सायलेन्सर नव्याने ओतलेले मिळवायचे. मग अस्तराचा हात, त्यावर रंग. अनेकजण खऱ्या ट्रॅक्टरसाठी विकला जाणारा कंपनीचाच रंग वापरतात. शेवटी पाण्यात भिजवून चिकटवायची नाममुद्रा. काही दुखणी मात्र असाध्य असतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश जास्त राहिला असेल, तर कालांतराने ती आतूनच भेगाळते आणि खेळण्याचा भुगा होतो. युद्धापूर्वीची कित्येक खेळणी अशीच गेली.

या कामातून एक विलक्षण बारीक ज्ञान साठले आहे. चाके लोखंडी पट्टीची की रबरी, यावरून काळ ठरतो. खरा ट्रॅक्टर १९३२ नंतर हवेच्या टायरांवर येऊ लागला, तसे खेळण्याचे पायही बदलले. नक्कल ओळखण्याची कसोटी तर ओतकामातूनच आली आहे. मूळ खेळण्यावरूनच साचा करून बिडात नवे ओतले, तर थंड होताना धातू आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा शेकडा एकाच्या आसपास लहान भरते. पृष्ठभाग खरखरीत राहतो, सांध्यात फट दिसते. हे सगळे मोजमाप घेऊन नोंदवणारी बरीच माणसे विद्यापीठात गेलेली नाहीत. पण त्यांचे काम संशोधनाचेच आहे.

बाजाराचा नियम मात्र निष्ठुर आहे. सर्वांत जास्त किंमत मूळ खोक्यातल्या, कधीच न खेळलेल्या ट्रॅक्टरला. नव्याने रंगवलेल्याला त्याहून बरीच कमी. म्हणजे ज्याच्याशी एकही मूल खेळले नाही, ते खेळणे सर्वांत मौल्यवान. आणि दुरुस्त करणारा जेव्हा खेळलेला ट्रॅक्टर कोराकरकरीत करतो, तेव्हा तो त्याला विक्रेत्याच्या दुकानातल्या पहिल्या दिवशी परत नेतो. कंपनीचा रंग परत येतो, नाममुद्रा परत येते. जाते ती मुठीची झीज. पहिला हात उजळतो आणि दुसरा पुसला जातो.

मला महत्त्वाची वाटते ती या छंदातली एक वेगळी शाखा. काही कारागीर तयार खेळणे घेऊन त्यातून नेमका एका घरचा ट्रॅक्टर घडवतात. वडिलांनी बसवून घेतलेले छत, मागची जोडचाके, पुढचा भारा उचलणारा हात, एका बाजूचा पोचा. संग्राहकाच्या यादीत याला स्थान नसते, कारण असा ट्रॅक्टर कोणत्याच कंपनीने विकलेला नव्हता. पण इतिहास म्हणून तोच सर्वांत नेमका आहे.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. १९६३ मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी करार करून महिंद्रांनी ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकले आणि मुंबईत कांदिवलीला लाल ट्रॅक्टर बनू लागले. आपल्या शिवारातल्या लाल रंगाचे एक मूळ त्या मध्य-पश्चिम अमेरिकेत आहे. खेळण्याची परंपरा मात्र आपल्याकडे वेगळी. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून ओढत आणतात. शेतीची ताकद लहान करून मुलाच्या हाती देणे, एवढे दोन्हीकडे सारखे आहे. पण लाकडी बैल कोणत्या कंपनीची जाहिरात नसतो. दरवर्षी त्याला नवा रंग दिला, तरी त्यातून कोणाची नाममुद्रा उजळत नाही, कारण तो बैल पहिल्यापासून घरचाच असतो.

अर्टल हे नाव आज एका जपानी कंपनीच्या मालकीचे आहे आणि त्या नावाची खेळणी चीनमधून येतात. डायर्सव्हिलच्या प्रदर्शनात नव्या-जुन्यांची सरमिसळ असते. तिथे कोणी स्टेअरिंग नसलेला, रंग उडालेला एखादा लाल ट्रॅक्टर विकत घेऊन तो तसाच कपाटात ठेवला, तर जाणकार त्याला व्यवहार कळत नाही असे म्हणतील. इतिहासाच्या बाजूने पाहिले, तर तिघांपैकी दुसरा हात त्याच्यामुळे वाचला.