सरकी गेली, कडबा गेला

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माणसाची पत उकिरड्यावरून ठरायची, असं आजा सांगायचा. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे आधी कोठ्यामागं चक्कर टाकून येत, मग ओसरीवर टेकत. "वावर गहाण पडते, उकिरडा नाई पडत," हे त्याचं म्हणणं.

कोठ्यातलं बारीक काम आजीकडे असायचं. दिवेलागणीला ती बैलांच्या पायांखाली कोरडी माती पसरायची. रातभर मूत त्यात जिरायचं. चार-आठ दिवसांत माती काळीभोर, ओशट, नाकाला झोंबणारी झाली की सालदार ती खरडून उकिरड्यावर टाके आणि नवी माती भरे. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळपास अर्धा वाटा मुतात असतो आणि तोच आधी वाया जातो. आजीला नत्र माहीत नव्हतं, पण त्या मातीतला कस ती बरोबर ओळखून होती.

धनगरांची मेंढरं आणि काठेवाड्यांचे कळप वावरात बसवायचे, तेही याच कारणानं. लेंड्या आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत उतरतं, बंडी भरायला नको. मोबदला ज्वारीत ठरे, आणि कळप कोणाच्या वावरात आधी बसणार यावरून भावाभावांत अबोला धरला जाई.

खत वापरायची रीत मात्र मुलखागणिक वेगळी. कोकणात भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा, कवळं पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. तिथला पाऊस भरवशाचा. आमच्या वऱ्हाडात मिरुग लांबला आणि खत कच्चं असलं, तर हुमणी आणि वाळवी पिकाच्या मुळाशी बसते. म्हणून वर्षभर मुरलेलं खतच तुऱ्हाट्यांचा तट्टा लावलेल्या बंडीतून पांदणीनं वावरात जायचं. त्यातून आमचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, ओलित नाही, आणि माती अशी चिकण की पाणी वरच तुंबतं. अशा मातीला खत हवं ते पिकाच्या पोटापेक्षा तिला मोकळं करायला.

आजा त्याच्या आज्याकडून ऐकलेलं सांगायचा, की पूर्वी कापसातली सरकी घरीच निघायची आणि बैलांच्या गव्हाणीत जायची. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. अकोला, खामगाव, अमरावतीला जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. कापूस सरकीसकट गावाबाहेर जाऊ लागला. सरकी तेलाच्या घाण्याला गेली, जहाजांतून विलायतेलाही गेली, आणि बैलांसाठी ढेप विकत आणायची वेळ आली. कापसाच्या त्या भरभराटीचं कौतुक खूप लिहिलं गेलंय. गावच्या उकिरड्यातून तेव्हा काय निघून गेलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रुईत जमिनीचं फारसं काही जात नाही. जातं ते सरकीत.

शेण जाळतात म्हणून शेतकऱ्याला बोल लावायची चाल जुनीच. सरकारनं बोलावल्यावरून विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ फेल्कर यांनी 1893 च्या अहवालात खरं कारण मांडलं: सरपण मिळत नाही, म्हणून शेण चुलीत जातं. आमच्या उघड्याबोडक्या पट्ट्यात तर कापसाच्या पऱ्हाट्याही चुलीतच. पावसाळ्यात गोवरी वाळत नाही, म्हणून तेवढं शेण वावराच्या वाट्याला यायचं.

त्या पऱ्हाट्यांची वाट काढली इंदूरला, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी. पऱ्हाट्या फार्मच्या रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायच्या, शेण आणि मुताच्या मातीसोबत कुजवायच्या. 1931 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि इंदूर पद्धत जगभर पोचली. त्यातली मुताची माती म्हणजे आमच्या आजीच्या कोठ्यातलीच.

पुढे शेण कमी होत गेलं आणि थोड्या शेणात भागवायचे उपायही आमच्या मुलखातूनच निघाले. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचं विटांचं, भोकं ठेवलेलं नाडेप टाकं. मग आमच्याच जिल्ह्यातले, बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर: दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती, दोनशे लिटर पाणी, एवढ्यात एकराचं जीवामृत. त्यांच्या मते एका गाईवर तीस एकर. त्यांनी शेणाला पुन्हा मान मिळवून दिला, हे मी मानतो. तरी दहा किलो शेणात आमच्या काळ्या मातीची भूक भागेल, हे मला पटत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर 1988 पासून एकाच रानात खतांचा प्रयोग चाललाय. रासायनिक खतासोबत दर हेक्टरी दहा टन शेणखत मिळालेल्या वाफ्यात सेंद्रिय कर्बही वाढला आणि पीकही. नुसत्या नत्रावर ठेवलेली जमीन मागं पडली.

पण हेक्टरी दहा टन खत आणायचं कुठून? सोयाबीन आलं तशी ज्वारी मागं हटली. ज्वारीसोबत कडबा गेला. कुटारावर ढोरं किती दिवस काढणार? बैल विकले, ट्रॅक्टर आला, कोठ्यात आता फवारणीचे पंप ठेवतात. लोक म्हणतात, ट्रॅक्टरनं बैल घालवला. मला वाटतं, बैल आधी गव्हाणीतून गेला. ट्रॅक्टर त्याच्या मोकळ्या जागेवर येऊन उभा राहिला.

औंदा धाकट्या भावाला म्हटलं, गावाजवळच्या दोन एकरांत ज्वारी पेरू, एक जोडी बांधू. तो म्हणाला, "पाखरं, रानडुकरं कोन हाकलन? राखन तू करशीन त पेरतो." मी हो म्हटलंय. मिरगाच्या आत राखणीचा माळा बांधून व्हायला हवा, आणि बल्ल्या अजून आणायच्या आहेत.