केसरीवाडा (गायकवाडवाडा)

पुण्याच्या नारायण पेठेतील (क्र. ५६८) ऐतिहासिक वाडा. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) १९०५ पासून इथे राहत होते, आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांचेही ठाणे हेच. वाडा मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्याकडून टिळकांनी तो विकत घेतला. तोवर त्यांचे बिऱ्हाड विंचूरकर वाड्यात भाड्याने होते. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद टिळकांकडे उतरले आणि १८९४ मध्ये टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला, तो त्या वाड्यात. या दोन वाड्यांची गल्लत होऊ देऊ नये.

दरवाजातून आत आले की मोठा चौक लागतो, आणि वाड्याचा खरा इतिहास याच चौकात घडला. गणपतीचा मांडव इथेच, सभाही इथेच. घर, कचेरी आणि छापखाना एकाच आवारात असल्याने घरचा माणूस कुठे संपतो आणि पुढारी कुठे सुरू होतो, हे सांगणे अवघड. सरकारलाही ते सांगता आले नसावे. ३० एप्रिल १९०८ रोजी बंगाली क्रांतिकारकांनी मुझफ्फरपूरला बॉम्ब टाकला. त्यावरील केसरीतल्या ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या लेखांबद्दल टिळकांना २४ जूनला मुंबईत अटक झाली, आणि पाठोपाठ वाड्याची झडती घेतली गेली. त्या झडतीत पोलिसांना एक कार्ड सापडले. स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे एवढाच त्यावरचा मजकूर. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचे म्हणून ती टिपून ठेवली, असा टिळकांचा खुलासा होता. तरी ते कार्ड पुराव्यात दाखल झाले. २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पुढे मंडालेला झाली. ते तिकडे असतानाच १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या.

१९१४ च्या जूनमध्ये सरकारने टिळकांना गाजावाजा न करता मध्यरात्री वाड्याच्या दारात आणून सोडले. देवडीवरच्या पहारेकऱ्याने धन्याला ओळखले नाही, अशी आठवण सांगितली जाते. दोन वर्षांनी, २३ जुलै १९१६ रोजी, साठी पूर्ण झाल्याबद्दल वाड्यात सत्कार झाला आणि एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. त्याच दिवशी सरकारची नोटीसही आली: चांगल्या वर्तणुकीबद्दल स्वतःचा वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत. एकाच दिवसाच्या या दोन रकमा पुणेकर बरेच दिवस विसरले नसतील. थैली टिळकांनी राष्ट्रकार्याला दिली, तर मुचलक्याचा हुकूम नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केला. टिळकांच्या वकिलांत बॅ. जिना होते.

टिळकांच्या पश्चात वाड्यात भाऊबंदकी माजली नाही, पण मुलगे रामभाऊ व श्रीधरपंत एका बाजूला आणि केसरीचे ट्रस्टी दुसऱ्या बाजूला, असे कोर्टकज्जे झाले. टिळकचरित्रांतून हा भाग बहुधा आटोपता घेतला जातो, म्हणून इथे थोडा नोंदवणे आवश्यक आहे. अस्पृश्यांच्या मेळ्याला चौकात येऊ द्यावे की नाही, यावरून गणेशोत्सवात तंटा झाला आणि दोघा भावांनी मेळा आत घेतला. श्रीधरपंतांनी वाड्यावर ‘चातुर्वर्ण्य विध्वंसक समिती’ अशी पाटी लावल्याचे सांगतात. ८ एप्रिल १९२८ रोजी समाज समता संघाच्या पुणे शाखेच्या निमित्ताने वाड्यात सहभोजन झाले. त्या पंक्तीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढच्याच महिन्यात, २५ मे रोजी, श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. त्याआधी त्यांनी आंबेडकरांना पत्र लिहिले होते.

आज वाड्यात टिळकांच्या वस्तूंचे संग्रहालय आणि केसरी-मराठा ग्रंथालय आहे. मॅडम कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला ध्वज इंदुलाल याज्ञिकांनी हिंदुस्थानात आणला. तो याच ग्रंथालयाकडे आहे. केसरीवाड्याचा गणपती पुण्याच्या मानाच्या गणपतींत पाचवा, आणि तो मिरवणुकीला पालखीतून निघतो.